एफएआयला खुले पत्र: मोसम पुन्हा थांबला तर काय करायचे, ते आधी लिहून ठेवा

प्रति,
अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि लीग संचालक,
फुटबॉल असोसिएशन ऑफ आयर्लंड, डब्लिन

डिसेंबर 2020

महोदय,

फर्स्ट डिव्हिजनचा, म्हणजे आयर्लंडच्या दुसऱ्या पातळीच्या फुटबॉल लीगचा, 2020 चा मोसम एकदाचा पार पडला. 27 ऑक्टोबरच्या शेवटच्या फेरीत ड्रॉहेडा युनायटेडने विजेतेपद मिळवले. 15 नोव्हेंबरला रिचमंड पार्कवर लाँगफर्ड टाउनने शेलबर्नला 1-0 असे हरवून सगळ्यात वरच्या प्रीमियर डिव्हिजनमध्ये जागा पटकावली. दोन्ही क्लबांचे मनापासून अभिनंदन. पण मोसम पुरा झाला एवढ्यावरून तो नीट हाताळला गेला, असे म्हणता येत नाही. तो पुरा झाला क्लबांच्या बिनपगारी कार्यकर्त्यांमुळे, अर्धवेळ खेळाडूंमुळे आणि बऱ्याच अंशी नशिबामुळे. 21 ऑक्टोबरच्या मध्यरात्री कोरोनाच्या साथीमुळे देशात पाचव्या, म्हणजे सगळ्यात कडक, स्तराची बंधने लागू झाली, तेव्हा शेवटचे काही सामने उरले होते. वरच्या पातळीवरच्या खेळांना सरकारने प्रेक्षकांविना परवानगी दिली म्हणून निभावले. ती मिळाली नसती तर विजेता कोण, वर कोण जाणार, कोणाची संधी हुकणार, हे कशावरून ठरवले असते? या प्रश्नाचे उत्तर मोसमाच्या पहिल्या शिट्टीआधी दहाही क्लबांच्या हातात लेखी असायला हवे होते. ते मार्चमध्ये नव्हते, म्हणून जुलै उजाडेपर्यंत बैठकांवर बैठका होत राहिल्या.

पुढच्या मोसमाच्या परवान्यांचे काम आता सुरू आहे. रोगाची साथ संपलेली नाही. म्हणून हे पत्र आत्ताच लिहीत आहोत, मोसम सुरू झाल्यावर नाही.

आम्ही म्हणजे आयर्लंडमध्ये कामाधंद्यानिमित्त स्थायिक झालेले मराठी लोक. शुक्रवारी संध्याकाळी पावणेआठच्या सामन्याला आपापल्या गावातल्या मैदानावर जाणारे, मोसमाचे तिकीट काढणारे, काही जण सामन्याच्या दिवशी क्लबला हातभार लावणारे. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवत आहोत. मराठीत हे लिहिले ते इथल्या आणि भारतातल्या मराठी फुटबॉलप्रेमींसाठी. कारण भारतातही याच वर्षी आय-लीगच्या सेकंड डिव्हिजनचे असेच हाल झाले. त्याबद्दल पुढे येईलच.

आधी वेळेची गोष्ट. 12 मार्चला खेळ थांबला. सुरुवातीला 29 मार्चपर्यंतची मुदत सांगितली गेली. ती पुढे सरकली, मग 19 जूनची आशा दाखवली गेली, आणि प्रत्यक्षात चेंडू मैदानात आला तो जुलैच्या अखेरीस. साथ कशी पसरेल हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे तारखा चुकल्याचा दोष आम्ही देत नाही. दोष आहे तो प्रत्येक तारखेबरोबर ‘आणि हे जमले नाही तर’ असा दुसरा रस्ता न सांगण्याचा. क्लबच्या खजिनदाराला दर आठवड्याला एकच गोष्ट ठरवायची असते: खेळाडूंचा पगार चालू ठेवायचा की थांबवायचा. मोसम जूनमध्ये सुरू होणार असेल तर थांबवून चालत नाही, कारण मोकळे झालेले खेळाडू परत येतीलच असे नाही. मोसम होणारच नसेल तर चालू ठेवणे परवडत नाही. तारीख आणि पर्याय दोन्ही माहीत नसतील तर तो जे करील ते चुकीचेच ठरते.

तंदुरुस्तीचेही तसेच. पूर्णवेळ संघ रोज सराव करून चार आठवड्यांत सामन्याला उभा राहतो. फर्स्ट डिव्हिजनचा खेळाडू दिवसभर शाळेत, गोदामात किंवा बांधकामावर काम करून आठवड्यातून तीन संध्याकाळी सरावाला येतो. चार आठवडे म्हणजे त्याचे फक्त 12 सराव. एवढ्यावर शुक्रवार-मंगळवार असे सामने लावले की मांडीचे मागचे स्नायू आणि जांघ आधी बोलतात. पाच बदली खेळाडूंची सवलत फुटबॉलच्या नियम मंडळाने मे महिन्यात दिली, तिचा फायदा ज्याच्या बाकावर पाच तयार खेळाडू आहेत त्याला. ज्याचा बाक 19 वर्षांखालच्या मुलांनी भरलेला आहे, त्याला तो किती?

27 सामन्यांचा मोसम 18 वर आणला, यावर मात्र आमची तक्रार नाही, हे स्पष्ट सांगतो. दहा संघ, प्रत्येकाशी एक सामना घरी, एक बाहेर: छोट्या मोसमासाठी याहून न्याय्य आराखडा नाही. उलट 27 सामन्यांत तिसऱ्या फेरीमुळे कोणाला 14 सामने घरी मिळतात, कोणाला 13. प्रश्न आहे तो खेळ चालू असताना मोजपट्टी बदलण्याचा. 27 सामन्यांत तीन गुण गमावणे आणि 18 सामन्यांत तीन गुण गमावणे यांत दीडपट फरक पडतो. फेब्रुवारीत ज्या प्रशिक्षकाने नव्या पोरांना संधी देऊन एखादा सामना हातचा सोडला, त्याने तो 27 च्या हिशेबाने सोडला होता.

आता मुख्य मुद्दा. मोसम मध्येच कायमचा थांबला तर तक्ता कसा लावायचा?

या वर्षी याची उत्तरे शोधताना युरोपभर काय झाले ते आपल्यापुढे आहे. स्कॉटलंडमध्ये क्लबांच्या मतदानाने मोसम गुंडाळला गेला, प्रतिसामना सरासरी गुणांवर तक्ता लागला, आणि आठ सामने बाकी असताना तळाला असलेले हार्ट्स खाली ढकलले गेले. हार्ट्स आणि पार्टिक थिसल न्यायालयात गेले, तिथून लवादाकडे गेले, जुलैच्या अखेरीस हरले. इंग्लंडच्या तिसऱ्या पातळीच्या लीग वनमध्ये त्याच सरासरीने विकम वाँडरर्स आठव्यावरून तिसरे झाले आणि प्ले-ऑफ (बढतीसाठीचे मोसमाअखेरचे बाद सामने) जिंकून वर गेले. पीटरबरो सहाव्यावरून सातवे झाले आणि प्ले-ऑफलाच मुकले. ट्रॅनमिअर खाली गेले. फ्रान्समध्ये तर आमियाँ आणि तुलूझ यांच्या घसरणीचे प्रकरण देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत पोहोचले. भारतात आय-लीग एप्रिलमध्ये थांबवून मोहन बागानला विजेते घोषित केले गेले, कोणालाही खाली पाठवले नाही. तिथली सेकंड डिव्हिजन मात्र सुरू असलेली तशीच रद्द झाली. तिच्या जागी ऑक्टोबरमध्ये कोलकाता आणि कल्याणी इथे पाच संघांची छोटी पात्रता स्पर्धा घेतली गेली आणि तिच्यातून मोहम्मेडन स्पोर्टिंग वर गेले. महिनोन्‌महिने चाललेल्या स्पर्धेचा निकाल एका पंधरवड्यात लागला. निर्णय वेगवेगळे, पण जिथे जिथे वाद पेटला तिथे कारण एकच दिसते: नियम तक्ता पाहून ठरवला गेला. कोणाचा फायदा आणि कोणाचे नुकसान हे दिसत असताना मत देणारा क्लब नियमाला मत देत नाही, स्वतःच्या जागेला देतो. त्यात त्याचा दोष नाही. त्याला तसे मत द्यायला लावणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

साध्या सरासरीतही मोठी खोट आहे. ती आकड्यांनी दाखवतो. समजा 18 सामन्यांचा मोसम 12 व्या सामन्यानंतर थांबला. ‘अ’ संघाचे 22 गुण आहेत, पण त्याने आठ सामने घरी खेळले आणि चार बाहेर: घरी 18 गुण, बाहेर 4. ‘ब’ संघाचे 21 गुण, त्याचे पाच सामने घरी आणि सात बाहेर: घरी 12 गुण, बाहेर 9. साधी सरासरी काढली तर ‘अ’ ला 1.83 आणि ‘ब’ ला 1.75. म्हणजे ‘अ’ पुढे. आता घरची आणि बाहेरची सरासरी वेगळी काढा आणि उरलेल्या सामन्यांना लावा. ‘अ’ चा एकच सामना घरी उरला आहे, त्याचे 2.25. बाहेरचे पाच उरलेत, त्यांचे 5. एकूण 29.25. ‘ब’ चे चार घरी उरलेत, त्यांचे 9.6. बाहेरचे दोन, त्यांचे 2.57. एकूण 33.17. म्हणजे ‘ब’ जवळजवळ चार गुणांनी पुढे. एकच मोसम, तेच निकाल, आणि हिशेबाच्या पद्धतीवरून विजेता बदलला. आमच्या मते दुसरी पद्धत बरोबर आहे. रिकाम्या मैदानावर घरचा फायदा कमी होतो असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर असे, की हिशेब त्याच मोसमाच्या निकालांवरून होतो. घरचा फायदा कमी झाला असेल तर तो सरासरीत आपोआप कमीच दिसेल.

अर्थात कोणतीही सरासरी पुढचे सांगू शकत नाही. गॉलवे युनायटेड ऑगस्टमध्ये तक्त्याच्या खालच्या भागात होते. जॉन कॉलफिल्ड प्रशिक्षक म्हणून आले आणि तोच संघ पाचवा येऊन प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. सप्टेंबरमध्ये मोसम गुंडाळला असता तर गॉलवेची ही चढाई कोणाला कधी दिसलीच नसती. म्हणून किती सामने झाल्यावर सरासरी लावायची, ही किमान मर्यादाही नियमातच हवी. प्रत्येक संघाने प्रत्येकाशी एकदा तरी खेळलेले असावे, म्हणजे नऊ सामने, हा आमचा आग्रह. त्याहून कमी झाले असतील तर मोसम रद्द, बढती नाही, घसरण नाही. कठोर आहे, पण सगळ्यांना आधी ठाऊक असेल तर अन्याय नाही.

पैशांकडे वळतो. फर्स्ट डिव्हिजनच्या क्लबचे पोट तिकीटखिडकीवर चालते. टीव्हीचा पैसा जवळपास नाही, खेळाडू विकून पैसा अधूनमधून येतो, आणि स्थानिक जाहिरातदार म्हणजे गावातला पब, गॅरेज, बांधकामवाला. मार्चमध्ये तेही बंद पडले. समजा एका क्लबला घरच्या सामन्याला सरासरी 400 प्रेक्षक येतात आणि तिकीट 10 युरो आहे. म्हणजे सामन्याचे 4,000 युरो. त्यात चहाचे दुकान, सामन्याची पुस्तिका आणि फिफ्टी-फिफ्टी सोडत, जिच्यातली निम्मी रक्कम विजेत्याला आणि निम्मी क्लबला मिळते, यांचे वेगळे. मूळ वेळापत्रकात घरचे 13-14 सामने होते. प्रेक्षकांसह झाले ते मार्चच्या आधीचे एक-दोन. तिकिटांचेच नुकसान 44,000 ते 52,000 युरोंपर्यंत जाते, आणि खर्च तेवढेच राहतात: पंचांचे मानधन, विमा, फ्लडलाइटची वीज, डॉक्टर, बस. बसचा खर्च तर वाढला. 50 आसनांच्या गाडीत अंतर राखून बसवायचे तर 25 च माणसे मावतात. मग कोव्हहून ड्रॉहेडाला जाताना दोन बस करायच्या किंवा खेळाडूंनी आपापल्या गाडीने तीन-साडेतीन तास एकेकट्याने गाडी हाकत येऊन लगेच 90 मिनिटे खेळायचे.

ऑगस्टच्या सुरुवातीला मैदानात 200 माणसांना परवानगी होती, हे कोणी उदाहरण म्हणून सांगेल. त्या 200 त खेळाडू, पंच, कर्मचारी सगळेच मोजायचे होते. दोन संघांचे 40, त्यांचे प्रशिक्षक-फिजिओ 14, पंच चार, वैद्यकीय पथक चार, मैदानावरची व्यवस्था पाहणारे स्टुअर्ड 12 ते 15, चेंडू आणणारी मुले, पत्रकार, कॅमेरा. शंभराच्या आसपास जागा प्रेक्षकांसाठी उरते. मोसमाची तिकिटे 300 लोकांनी काढली असतील तर कोणत्या 200 जणांना दारातून परत पाठवायचे? 18 ऑगस्टला सरकारने तेही बंद केले, आणि क्लबांनी मोठ्या खटपटीने केलेल्या याद्या वाया गेल्या. लीग कपही या वर्षी पार पडला नाही. प्रीमियरचा मोठा क्लब आपल्या मैदानावर येण्याची आणि चार पैसे जास्त मिळण्याची तीही एक संधी होती.

सरकारी वेतन अनुदान होते, पण ते अर्धवेळ खेळाडूच्या मापाचे नव्हते, आणि हे ओरडून सांगण्याचे काम आपले होते. पहिल्या योजनेत कर्मचारी 29 फेब्रुवारीला पगारपत्रकावर असणे बंधनकारक होते. जुलैत करार केलेला खेळाडू त्यात बसत नव्हता. 1 सप्टेंबरपासूनच्या दुसऱ्या योजनेत आठवड्याचा पगार 151.50 युरोंपेक्षा कमी असेल तर अनुदान शून्य. 20 ऑक्टोबरला वरचे दर वाढले, ही खालची रेघ तिथेच राहिली. आठवड्याला 100-120 युरो घेणारा खेळाडू हाच फर्स्ट डिव्हिजनचा कणा आहे. सगळ्यात कमी पगार देणाऱ्या क्लबला सगळ्यात कमी आधार मिळाला, असा याचा अर्थ होतो. 2020 च्या जानेवारीत सरकारने आपल्या संघटनेला आर्थिक संकटातून सावरताना वार्षिक अनुदान 29 लाखांवरून 58 लाख युरो केले. पैसा जनतेचा आहे. त्यातला आणि साथीसाठी मिळालेल्या मदतीतला किती वाटा फर्स्ट डिव्हिजनच्या कोणत्या क्लबला कोणत्या निकषावर मिळाला, हे क्लबनिहाय जाहीर झाले पाहिजे.

प्रक्षेपणाबद्दल. प्रेक्षकांना बंदी होती, म्हणजे सामना पाहण्याची खिडकी एकच होती. आपण आरटीई (सरकारी प्रक्षेपण संस्था) आणि जीएए-गो (ऑनलाइन प्रक्षेपण सेवा) यांच्याबरोबर इंटरनेटवर सामने दाखवणारी वॉच-एलओआय सेवा सुरू केली, ही चांगली गोष्ट. पण तिचा पास प्रीमियर डिव्हिजनसाठी होता. ज्या क्लबांकडे पैसा आणि माणसे सगळ्यात कमी, त्यांना आपापली सोय पाहावी लागली. एक कॅमेरा मध्यरेषेजवळ पाच-सहा मीटर उंचीवर हवा, नाहीतर पलीकडच्या बाजूचा खेळ नुसता डोक्यांचा गठ्ठा दिसतो. कॅमेरा पश्चिमेकडे तोंड करून लावला तर ऑगस्टमध्ये पूर्वार्धभर सूर्य भिंगात येतो. चित्र स्वच्छ जायला सेकंदाला 6 ते 8 मेगाबिटचा अपलोड वेग लागतो, आणि गावाकडच्या मैदानावरच्या जोडणीचा डाउनलोड वेग कितीही असला तरी अपलोड अनेकदा त्याच्या दहाव्या हिश्शावर असतो. मग मोबाइलच्या सिमवर भिस्त. सिग्नल गेला की सामना गोठतो आणि 5 युरो भरलेला माणूस पैसे परत मागतो. ही कामे शिकलेली दोन माणसे आणि एक तयार पेटी (कॅमेरा, उंच तिपाई, वाऱ्याचा आवाज अडवणारा माइक, दोन सिमचा राउटर, जादा बॅटरी) दहा क्लबांत फिरवली असती तरी चित्र पालटले असते.

विलगीकरणाच्या नियमात सगळ्यात मोठा धोका लपलेला होता. लागण झालेल्याच्या निकट संपर्कात आलेल्याला 14 दिवस घरी बसावे लागत होते. शुक्रवार-मंगळवार असे सामने लागले असतील तर 14 दिवसांत चार सामने जातात, म्हणजे 18 सामन्यांच्या मोसमाचा पाचवा हिस्सा. पूर्णवेळ खेळाडूला घर-मैदान-घर एवढ्यात ठेवता येते. अर्धवेळ खेळाडू रोज कामावर जातो, तिथले 30 जण त्याच्या संपर्कात. खासगी चाचणीला माणशी 100 युरोंहून जास्त मोजावे लागत होते. 25 जणांच्या पथकाची एक फेरी म्हणजे 2,500 युरो, एका सामन्याच्या तिकिटांच्या निम्म्याहून अधिक. अशा वेळी सामना पुढे ढकलायचा की नाही, हे कोण आणि कशावरून ठरवणार? युरोपीय स्पर्धांसाठी युएफाने (युरोपच्या फुटबॉल महासंघाने) साधा नियम केला आहे: 13 खेळाडू उपलब्ध असतील आणि त्यांत एक गोलरक्षक असेल तर सामना होईल. तसा नियम इथे, अर्धवेळ संघांच्या मापाने, हवा. क्लबने फोन करायचा, कार्यालयाने बघू म्हणायचे, आणि पाहुणा संघ निम्म्या वाटेवर असताना निरोप यायचा, अशी वेळ कोणत्याच क्लबवर येऊ नये.

प्ले-ऑफबद्दल थोडक्यात. 2019 मध्ये दोन-दोन टप्प्यांचे सामने होते, यंदा एकेक. वेळ नव्हता हे मान्य. पण दुसऱ्या क्रमांकावर आलेले ब्रे वाँडरर्स एका सामन्यात बाहेर पडले. एकच सामना ठेवायचा असेल तर वरच्या क्रमांकाला त्याचे मोल द्या: सामना त्याच्या मैदानावर, आणि जादा वेळेनंतरही बरोबरी असेल तर तोच पुढे. 18 सामन्यांच्या कमाईला एवढे तरी वजन मिळावे.

आणि प्रीमियर डिव्हिजनमधल्या शॅमरॉक रोव्हर्सचा फर्स्ट डिव्हिजनमध्ये खेळणारा दुसरा संघ. लिमरिकचा क्लब बंद पडल्यावर त्याला दहावी जागा मिळाली, तेव्हाच इतर क्लबांनी नाराजी कळवली होती. आमचा विरोध त्या मुलांना नाही. पण पहिल्या संघाचे वेळापत्रक मोकळे असेल तेव्हा दुसरा संघ बलवान आणि पहिला संघ युरोपात गुंतलेला असेल तेव्हा दुबळा, असे होऊ शकते. 27 सामन्यांत हे खपून जाते, 18 मध्ये नाही. दुसऱ्या संघांना खेळवायचे असेल तर कोणता खेळाडू कधी खाली उतरू शकतो, याचा कडक नियम मोसमाआधी सगळ्यांना दिसेल असा छापा.

आमच्या मागण्या अशा.

एक. मोसम अपुरा राहिल्यास काय, याचा नियम पुढच्या मोसमाच्या सहभाग करारात घाला आणि पहिल्या सामन्याआधी दहाही क्लबांच्या सह्या घ्या. नऊ सामन्यांच्या आत थांबला तर मोसम रद्द. नऊ किंवा जास्त झाले तर घरची आणि बाहेरची सरासरी वेगळी धरून तक्ता. मोसम सुरू झाल्यावर या नियमावर मतदान नाही.

दोन. खेळ थांबवण्याचा प्रत्येक निर्णय तीन गोष्टींसह जाहीर करा: पुन्हा सुरू होण्याची अपेक्षित तारीख, ती हुकली तर पुढचा पर्याय, आणि ज्या तारखेनंतर मोसम सोडून द्यायचा ती शेवटची तारीख. पुनरारंभाआधी अर्धवेळ संघांना किमान सहा आठवड्यांचा सराव.

तीन. फर्स्ट डिव्हिजनसाठी वेगळा निधी. प्रेक्षकांविना झालेल्या घरच्या प्रत्येक सामन्यामागे 2019 च्या सरासरी तिकीट उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा, निम्मा आगाऊ. आठवड्याला 151.50 युरोंखालच्या खेळाडूंसाठी त्यातूनच वेगळी भर. सगळा हिशेब क्लबनिहाय संकेतस्थळावर.

चार. दोन्ही डिव्हिजनचे सामने एकाच सेवेवर, एकाच पासात. उत्पन्नातला हिस्सा क्लबांना दर महिन्याला.

पाच. सामना पुढे ढकलण्यासाठी लेखी निकष: किमान 13 खेळाडू आणि त्यांत गोलरक्षक, निर्णय क्लबशी संबंध नसलेल्या डॉक्टरचा, आणि पाहुणा संघ निघण्याच्या किमान 24 तास आधी. अशा सामन्यांसाठी वेळापत्रकात दर सहा फेऱ्यांमागे एक मोकळा आठवडा.

सहा. खेळाडूंच्या करारात शेवटची तारीख न घालता ‘क्लबचा त्या मोसमातला शेवटचा अधिकृत सामना’ असे शब्द घाला, आणि वाढलेल्या आठवड्यांच्या पगाराची हमी संघटनेने घ्यावी. फिफाने एप्रिलमध्ये करार मोसमाच्या प्रत्यक्ष शेवटापर्यंत वाढवण्याची शिफारस केली, पण वाढीव पगार कोठून द्यायचा ते त्या शिफारशीने सुटत नाही. लाँगफर्डचा मोसम इतरांपेक्षा जवळपास तीन आठवडे लांबला. जिंकल्याचा खर्च क्लबला एकट्याने सोसावा लागू नये.

सात. प्ले-ऑफ आणि दुसऱ्या संघांचे वर सुचवलेले नियम याच करारात.

तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ या वर्षी येऊन गेली आहे. 31 जानेवारी 2021 पर्यंत प्रत्येक मागणीवर ‘मान्य’, ‘अमान्य’ किंवा ‘बदलासह मान्य’ असे कारणासह लेखी उत्तर द्यावे. अमान्य असेल तर तेही चालेल, पण मग आपला पर्यायी नियम काय, ते त्याच पत्रात लिहावे. मिळालेले उत्तर आम्ही जसेच्या तसे, एक शब्दही न बदलता, याच ठिकाणी छापू.

आपले,
फर्स्ट डिव्हिजनचे आयर्लंडमधील मराठी प्रेक्षक